सहज पाहणाऱ्याचा अभिप्राय

चित्रपटाचा इतिहास म्हणून जें कांहीं आपल्याकडे लिहिलें गेलें आहे, तो बहुतांशीं कर्त्यांचा इतिहास आहे. कोणीं कोणता पट केव्हां काढला, कोणत्या कंपनीनें किती भांडवल घातलें, कोणत्या नटानें कोणती भूमिका वठविली, हें त्यांत यथास्थित सांपडतें. परंतु ज्याच्यासाठीं हा सगळा खटाटोप झाला, तो चार आणे टाकून अंधारांत येऊन बसलेला आणि बाहेर पडतांना शेजाऱ्याशीं दोन वाक्यें बोलून घरीं गेलेला मनुष्य त्यांत क्वचितच आढळतो. टीकाकाराचें मत छापलें जातें, म्हणून तें टिकतें. सहज पाहणाऱ्याचें मत हवेंत विरतें. आमची तर अशी समजूत आहे कीं, या विरून गेलेल्या मतानें आपल्या चित्रपटाला, व पुढें दूरदर्शनाला, जितकें वळण दिलें तितकें छापील टीकेनें दिलेलें नाहीं. ज्या थोड्या ठिकाणीं या मताची खूण शिल्लक राहिली आहे, त्यांतलीं कांहीं ठिकाणें वाचकांपुढें मांडावीं असा आज विचार आहे.

मुंबईस ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिए बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं. तिकीट सरसकट एक रुपया. म्हणजे हा खेळ साहेबलोकांचा व त्यांच्या पंक्तीस बसणाऱ्यांचा. पण आठवडाभरानें खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत गेले, दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठरले, आणि पडदानशीन स्त्रियांसाठीं निराळ्या बैठकी राखून ठेवण्यांत आल्या. पहिल्या खेळांत स्टेशनांत येणारी आगगाडी होती, समुद्रांतलें स्नान होतें, पाडली जाणारी भिंत होती, आणि कारखान्याच्या दारांतून बाहेर पडणारे कामकरी होते. गिरण्यांच्या मुंबईंत हें शेवटचें चित्र पाहून चार आण्यांच्या जागेवरच्या मनुष्याला काय वाटलें असेल? भोंगा वाजल्यावर दारांतून बाहेर पडणारा लोंढा त्याच्या रोजच्या पाहण्यांतला. आगगाडीची नवलाई अधिक, कीं आपल्यासारखींच माणसें भिंतीवर चालतांना पाहण्याची अधिक? पडद्यामागच्या बैठकींतल्या बायका त्या रात्रीं घरीं गेल्यावर काय बोलल्या? खेळाच्या जाहिराती आज वाचावयास मिळतात. या प्रश्नांचीं उत्तरें मात्र त्या जाहिरातींत नाहींत.

अशा पाहणाऱ्यांपैकीं कांहीं पुढें स्वतःच कर्ते झाले, आणि म्हणून त्यांच्या पाहण्याची हकीकत आपल्याला ठाऊक झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनीं विलायतेहून यंत्र मागविलें व १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें झालेली एक कुस्ती त्यावर घेतली. रँग्लर परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत मुंबईच्या किनाऱ्यास उतरले, त्या स्वागताचें चित्रही त्यांचेंच. परंतु पाहणाऱ्याच्या मनांत नेमकें काय घडतें याचा खरा दाखला दादासाहेब फाळके यांनीं दिला आहे. ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट मुंबईंत पाहिला, त्या वेळची आपली अवस्था त्यांनीं १९१७ सालीं 'नवयुग' मासिकांतील लेखांत वर्णिली. पडद्यावर येशूचे प्रसंग सरकत होते, आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढें कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या हीं उभीं राहत होतीं. तोच चित्रपट पुन्हां पाहण्यासाठीं ते पत्नी सरस्वतीबाईंस घेऊन गेले.

या हकीकतीचा उल्लेख नेहमीं एका महापुरुषाच्या स्फूर्तीचा क्षण म्हणून केला जातो. आम्हांस तींत आणखी एक गोष्ट दिसते. फाळके त्या वेळीं चित्रपट नीट पाहत नव्हते! डोळे पडद्यावर आणि चित्त भलतीकडेच. टीकाकार असता तर त्यानें पटाची रचना, प्रकाश, अभिनय यांकडे लक्ष दिलें असतें. तें सगळें फाळक्यांनीं पुढें केलेंच, आणि इतकें केलें कीं रोज चित्रपट पाहून व रात्रंदिवस प्रयोग करून त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. पण पहिल्या दिवशीं ते टीकाकार नव्हते. दुसऱ्याची कथा पाहतां पाहतां स्वतःच्या घरची कथा आठवणारा, असा तो सामान्य प्रेक्षकच होता. आपल्या घरांतली वडील मंडळी इंग्रजी सिनेमा पाहून आल्यावर त्यांतल्या नायिकेची तुलना आपल्या मावशीशीं करतात, तेव्हां तरुण मुलें हंसतात. त्यांनीं हंसण्याआधीं फाळक्यांची ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. तुलना कच्ची असेल; पण पाहण्याची रीत तीच आहे.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांसाठीं लागला. मुंबईनें त्याला उचलून धरलें. सुरतेची गोष्ट निराळी. तेथें पहिल्या दिवशीं अवघे तीन रुपये जमले असें सांगतात. कारण विचारतां उत्तर मिळालें कीं, दोन आण्यांत सहा तासांचें नाटक मिळत असतां तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण पाहणार? फाळक्यांनीं प्रेक्षकाला अरसिक म्हटलें नाहीं. त्यांनीं जाहिरात फिरविली: सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि किंमत फक्त तीन आणे. गर्दी लोटली. विद्वानांना हा किस्सा हास्यास्पद वाटतो, आम्हांस वाटत नाहीं. सुरतेचा माणूस व्यापारी होता; पैसा द्यावयाचा तर माल किती हें त्यानें विचारलें, आणि हा प्रश्न आजचा निर्मातासुद्धां रात्रीं झोपण्यापूर्वीं स्वतःला विचारीत असतो.

पुढें १९१७ सालीं 'लंकादहन' आला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या. हाच नट 'हरिश्चंद्रा'त तारामती झाला होता व त्याआधीं एका उपाहारगृहांत काम करीत होता. पडद्यावर राम येतांच लोक लोटांगण घालीत, आणि तिकिटांचीं नाणीं बैलगाडींतून न्यावीं लागत, असें सांगतात. यावरून प्रेक्षक भाबडा होता, असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळांना होते. देवळांत हात जोडणारा मनुष्य मूर्ति कोणत्या पाथरवटानें घडविली हें जाणत असतो, त्यानें दाम किती घेतला हेंही जाणत असतो; म्हणून त्याचा नमस्कार खोटा होत नाहीं. जोडलेले हात आणि चिकित्सक डोळे एकाच मनुष्याचे असूं शकतात. एकोणीस वर्षांनीं, १९३६ सालीं, प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईंत एकाच चित्रपटगृहांत सत्तावन्न आठवडे चालला, तेव्हां त्याच प्रेक्षकानें तुकोबापुढें मान लवविली आणि विठोबाला शिव्या घालणाऱ्या जिजाईला मनापासून हंसून दादही दिली. व्हेनिसच्या परीक्षकांनीं १९३७ सालीं त्या पटाची वाखाणणी केली, हें भूषणच. पण सत्तावन्न आठवडे हा निकाल आमच्या मतें अधिक वजनाचा.

प्रेक्षकाचें मत सरकारनें विचारलें असें एकदां घडलें. १९२७ सालीं दिवाण बहादुर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. ४३२५ प्रश्नपत्रिका वाटल्या, १४९१ उत्तरें आलीं, ३५३ साक्षीदार तपासले, साक्षींचे जाडजूड खंड छापले गेले. परंतु विचारलें कोणाला? अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना, शिक्षकांना, व्यापाऱ्यांना आणि खुद्द धंद्यांतल्या लोकांना. आपण सिनेमाला गेलोंच नाहीं, पण त्याचा अपाय उघड आहे, अशा आशयाचें उत्तर गांधीजींनीं पाठविलें. पुढें १९४४ सालीं जुहूस त्यांनीं विजय भट्ट यांचा 'रामराज्य' पाहिला. चार आणेवाल्या प्रेक्षकाविषयीं त्या खंडांत पुष्कळ बोललें गेलें आहे: त्याच्या नीतीवर काय परिणाम होतो, त्याला काय दाखवावें, काय दाखवूं नये. न्यायालयांत आरोपीविषयीं बोलतात तसें.

दूरदर्शनानें हा मनुष्य थिएटरांतून उचलून घरांत आणून बसविला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. चाळींत ज्या एका बिऱ्हाडीं संच असे, त्याचें दार रविवारीं संध्याकाळीं उघडें राही; मुलें जमिनीवर, बायका खाटेवर, पुरुष उंबऱ्यांत. चित्रपटाच्या मध्यें बातम्या येत, आणि तेवढ्यांत नायकाच्या वागणुकीचा पंचनामा होऊन जाई. पूर्वीं मत बाहेर पडतांना बोललें जाई. आतां तें खेळ चालूं असतांनाच बोललें जाऊं लागलें. हा फरक लहान नव्हे. ज्या घरांत सून सासूसमोर एरवीं तोंड उघडीत नसे, तेथें पडद्यावरच्या सासूविषयीं ती मोकळेपणानें बोलूं लागली, आणि ऐकणाऱ्या सासूला तें कोणाला उद्देशून आहे हें कळत असूनही कांहीं म्हणतां येईना.

मग या मतांनीं पत्राचें रूप घेतलें. ७ जुलै १९८४ पासून 'हमलोग' ही मालिका दिल्लीहून दाखविली जाऊं लागली; योगायोगानें तारीख वॉटसन हॉटेलांतल्या खेळाचीच. प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार येऊन प्रेक्षकांशीं चार शब्द बोलत. उत्तरादाखल आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांच्या घरांत गेली. त्याहून नवलाची गोष्ट 'रामायण' मालिकेची. रविवारीं सकाळीं स्नान करून, संचाला हार घालून लोक ती पाहत, हें सर्वश्रुत आहे. परंतु राम राज्यावर बसला कीं मालिका संपणार असें १९८८ सालीं कळतांच जालंदरच्या सफाई कामगारांनीं काम बंद केलें. तो समाज स्वतःला वाल्मीकीचा वंशज मानतो. आणि वाल्मीकीच्या आश्रमाची, लवकुशांची कथा वगळून रामायण पुरें होतें हें त्यास मान्य नव्हतें. संप इतर शहरांत पसरला, आणि अखेर उत्तरकांडाचे भाग काढण्यांत आले. कोणत्या टीकालेखानें असें कांहीं घडवून आणलें आहे? हा अभिप्राय झाडू खालीं ठेवून दिलेला होता, आणि त्यांत कथेच्या रचनेविषयींचा मुद्दाही अगदीं बिनतोड होता.

अलीकडच्या दोन मराठी चित्रपटांचा उल्लेख येथेंच करूं. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ च्या एप्रिलांत आला, तेव्हां 'झिंगाट' लागतांच लोक खुर्च्या सोडून नाचूं लागत. शेवटच्या दृश्यांत, लहान मुलाचीं रक्ताळलेलीं पावलें दिसतात व पडद्यावरून आवाजच नाहींसा होतो, तेव्हां तेच लोक जागच्या जागीं थिजून जात. आम्हीं पाहिला त्या खेळाला दिवे लागल्यावर बराच वेळ कोणी उठलें नाहीं, आणि जिन्यावरून उतरतांना कोणी बोललें नाहीं. हाही अभिप्रायच. दुसरा केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा', २०२३ सालचा. सहा बहिणींची ही गोष्ट पाहावयास बायका घोळक्यानें, नऊवारी नेसून, नथ घालून येत. खेळ संपल्यावर मंगळागौरीचे खेळ खेळत. चित्रपटाच्या रचनेंत आम्हांस पुष्कळ ढिलाई दिसली. पण नॉव्हेल्टींतल्या राखीव बैठकी डोळ्यांपुढें आणल्या, आणि ही ढिलाई सांगत बसण्याचा आमचा उत्साह मावळला.

आतां मुद्द्याची गोष्ट. आपल्या देशांत तेराशेंच्या आसपास मूकपट झाले. त्यांतले तीसही आज धड शिल्लक नाहींत. 'राजा हरिश्चंद्रा'ची उरलेलीं रिळें मूळचीं कीं फाळक्यांनीं पुढें पुन्हां काढलेल्या प्रतीचीं, याचाही वाद आहे. १४ मार्च १९३१ रोजीं मॅजेस्टिकमध्यें लागलेला 'आलम आरा', ज्याच्या तिकिटांसाठीं पोलीस बोलवावे लागले, त्याची एकही प्रत उरलेली नाहीं. पुण्याचें चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंपर्यंत पुष्कळ पट जळून गेले, कुजून गेले, त्यांतली चांदी काढण्यासाठीं विकले गेले. जो पट नाहींसा झाला, त्याच्याविषयीं पाहणाऱ्यानें काढलेले उद्गार हेंच त्याचें उरलेलें रूप. आणि तेही आपण राखले नाहींत. आज हें संकट टळलें आहे असें कोणी समजूं नये. हातांतल्या मोबाइलवर मालिका पाहणाऱ्याच्या शेजारीं उंबऱ्यांत बसलेलें कोणी नसतें, कानांत नळ्या असतात, आणि भाग संपला कीं दुसरा आपोआप सुरू होतो. मत बनावयास जी फुरसत लागते, तीच उरत नाहीं. शिवाय आज दिसणारी मालिका कंपन्यांचा करार संपतांच उद्यां दिसेनाशी होते, आणि ती घरांत कोणाकडे ठेवलेली नसते.

जुन्या घरांतून जमाखर्चाच्या वह्या सांपडतात. त्यांत 'सिनेमा, बारा आणे' अशी नोंद असते. कोणता सिनेमा, तो कसा वाटला, हें मात्र लिहिलेलें नसतें. आमच्या वाचक कुटुंबांना आमची विनंती एवढीच आहे कीं, घरांत एक वही ठेवावी. पाहिलेल्या चित्रपटाचें वा मालिकेचें नांव, तारीख, तिकिटाचा दर, बरोबर कोण होतें, कोण कोठें हंसलें, आजी कशावर रागावल्या, मुलांनीं काय विचारलें, एवढें दोन ओळींत लिहावें. मत शहाणपणाचें असण्याची मुळींच गरज नाहीं. आणि कोणाला मध्येंच झोप लागली असेल, तर ती कितव्या मिनिटाला लागली हेंही लिहून ठेवावें. सुरतेच्या प्रेक्षकानें घातलेला तासांचा आणि आण्यांचा हिशेब आज आपल्याला ठाऊक आहे, तो कोणीतरी असाच सांगून ठेवला म्हणून.