पेटीला आकाशवाणीचे दार बंद होते तेव्हा

गणेशोत्सव म्हटला की टाळ, झांजा, तबला आणि पेटी आलीच. नोकरी-व्यवसायानिमित्त मोठसारख्या गावी येऊन राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींना काय किंवा आरतीला आवर्जून येणाऱ्या इथल्या सहकाऱ्यांना काय, पेटीवाचून उत्सवाला रंग आल्यासारखे वाटत नाही. परंतु याच पेटीला आकाशवाणीवर तब्बल ३१ वर्षे मज्जाव होता, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटणार नाही. आज आपल्यातली काही मुले-मुली स्वतःच्या चाली बांधून समाजमाध्यमांवर टाकतात आणि 'आमचे गाणे लोकांपर्यंत पोहोचूच दिले जात नाही' अशी त्यांची तक्रार असते. त्यांच्यासाठी हा इतिहास थोडक्यात सांगावासा वाटतो.

हार्मोनियम मूळची विलायती. पॅरिसमध्ये १८४२ साली तिचे पेटंट घेतले गेले. पुढे कोलकात्यात हाताने भाता मारण्याची, बैठकीत वाजवता येईल अशी पेटी तयार झाली आणि कीर्तनापासून नाटकापर्यंत सर्वत्र रुळली. झाशीच्या पलीकडे ग्वाल्हेरला शिंदे राजघराण्यातले भैया गणपतराव यांनी ठुमरीच्या साथीत तिला मानाचे स्थान मिळवून दिले. महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखले यांना पेटीची साथ केली आणि १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली दिल्या.

अशा या रुळलेल्या वाद्यावर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली. पेटीचे सूर ठरलेल्या जागी पक्के बसवलेले असतात, त्यातून मींड निघत नाही, आपल्या श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. नभोवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी तो हिरिरीने मांडला. रवींद्रनाथ ठाकूरांनाही पेटी पसंत नव्हती. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. पण बंदी वाद्यावर घातली तरी झळ बसली ती वादकाला. रेडिओवर नाव झाले की दूरदूरची आमंत्रणे येत. ती वाट पेटीवाल्याला बंद झाली.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, नाते काशी विद्यापीठाशी आणि लोकसभेवर निवड उत्तर प्रदेशातून. म्हणजे आपल्यासारखेच इकडे येऊन राहिलेले मराठी गृहस्थ! शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये सुरू झाला आणि थोर कलावंतांचे गाणे घरोघर पोहोचले. त्याचबरोबर त्यांनी कलाकारांची स्वरचाचणी आणि प्रतवारी कडक केली. या कामात लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीकृष्ण रातंजनकर प्रमुख होते. घराण्यांत तयार झालेल्या अनेक कलावंतांना परीक्षा देण्याचा अपमान वाटला आणि त्यांनी विरोधही केला.

केसकरांनी चित्रपटगीतांनाही लगाम घातला. श्रोत्यांनी मात्र मुकाट्याने सुई फिरवली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजाने बुधवारची संध्याकाळ जिंकली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच विविध भारती सुरू केली. श्रोत्याने ठरवले तर सरकारी धोरणही वाकते, हा यातला धडा.

पेटीच्या वाट्याला असा श्रोत्यांचा उठाव आला नाही. पण ती मरणपंथालाही लागली नाही, कारण मैफल, रंगभूमी, कीर्तन आणि आपल्यासारख्या उत्सवांच्या मंडपांनी तिला कधी बाहेर काढले नाही. या काळातच आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर असे वादक घडले. १९७१ मध्ये बंदी सैल झाली आणि वरच्या श्रेणीच्या कलाकारांना पेटीची साथ घेण्याची मुभा मिळाली.

आता आजचे पाहू. यूट्यूब, इन्स्टाग्रामवर स्वरचाचणी नाही की शिफारसपत्र नाही. गाणे कोणीही टाकावे. मात्र ते कोणापुढे ठेवायचे हे यंत्र ठरवते. थोड्या लोकांना आधी दाखवून ते किती वेळ थांबतात हे पाहिले जाते आणि बऱ्याच अंशी त्यावरच पुढची वाटचाल ठरते. विलंबित आलापी करणाऱ्याने पहिल्या दहा सेकंदांत श्रोता कसा धरून ठेवावा? जुनी पारंपरिक बंदिश गायली तरी कधी कधी यंत्र ती दुसऱ्याच्या मालकीची समजते. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा नियम केला की, मागील १२ महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच नाही.

आकाशवाणीची बंदी कडक होती, पण ती जाहीर होती. तिला तारीख होती, कारण होते, त्यामागे ओळखता येणारी माणसे होती. म्हणून तिच्याविरुद्ध लिहिता-बोलता आले. आज गाणे दाबले गेले की मुळात आवडलेच नाही, हेसुद्धा गाणाऱ्याला नीट कळत नाही. खाते नियमांत बसते की नाही एवढे काही ठिकाणी सांगतात. अमुक गाणे अमुक इतक्याच जणांपर्यंत का गेले, हे सांगत नाहीत. उमेद खचते ती इथे. म्हणून या कंपन्यांनी निदान कारण कळवावे, ही कलाकारांची मागणी रास्त आहे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. मंडळाच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ स्वतःच्या रचना गाणाऱ्यांसाठी राखावी, योग्य मानधन द्यावे आणि त्यांची नावे पत्रिकेत ठळक छापावीत. गाणे आवडले तर शेवटपर्यंत ऐकावे आणि चार ओळखीच्यांना आपण होऊन पाठवावे. बंदीच्या काळात पेटी टिकली ती समोर बसून ऐकणाऱ्यांमुळे. आजच्या गाणाऱ्यालाही पहिला आधार अशाच श्रोत्यांचा आहे आणि तो देणे आपल्याला अवघड नाही.

गणपती बाप्पा मोरया!