कार्यप्रणालीचे नूतनीकरण आणि मराठी मजकूर : पुण्यातील एका संक्रमणाचा इतिहास

पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल उलगडून वाचावयाचे, तर नुसती मराठी भाषा येऊन भागत नाही. लिपीही यावी लागते. १९३० ते १९३४ ह्या काळात गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखाली त्या दप्तरातील निवडक कागद ४५ भागांत छापून निघाले. निवडलेले कागद सर्व अभ्यासकांच्या हाती आले. न निवडलेले रुमालांतच राहिले. लेखनाचे साधन बदलले म्हणजे जुना मजकूर आपोआप नव्या साधनात उतरत नाही, तो कोणीतरी उतरवावा लागतो, हा त्या इतिहासाचा धडा होय. संगणकावरील मराठी मजकुराच्या बाबतीत ह्याच धड्याची उजळणी १९९० नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत झाली, आणि तिचे निमित्त वरकरणी अगदी तांत्रिक होते : संगणकाच्या कार्यप्रणालीचे नूतनीकरण.

कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, ही यंत्र आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावली ह्यांमधील कारभारी होय. हा कारभारी केव्हा बदलावा, बदलावा की नाही, ह्याविषयीचे वाद जगभर झाले. खर्च, सुरक्षितता आणि सवय ह्या तीन मुद्द्यांभोवती ते बहुधा फिरत राहिले. मराठीच्या बाबतीत मात्र ह्या तिहींच्या मुळाशी चौथा मुद्दा होता : लिपीचे ज्ञान यंत्राच्या कोणत्या भागात वसते? ते ज्या भागात वसते, तो भाग बदलला की मजकुराचे भवितव्यही बदलते. ह्या दृष्टीने पुण्यातील अनुभवाचे तीन टप्पे पडतात.

१

पहिल्या टप्प्यात लिपी एका स्वतंत्र पट्टीत वसत होती. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच 'सी-डॅक', स्थापन झाले. महासंगणकाची निर्मिती हा त्याचा प्रधान हेतू होता. परंतु कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञानही ह्याच केंद्रात येऊन वाढीस लागले. त्या काळी सर्वत्र रूढ असलेल्या 'डॉस' ह्या कार्यप्रणालीचा पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळी अशा चौकटींचा असे. प्रत्येक चौकटीत एक, अशी जास्तीत जास्त २५६ चिन्हे तिला ठाऊक होती. मागेपुढे वरखाली मात्रा घेणारी आणि जोडाक्षरे करणारी देवनागरी ह्या चौकटींत बसणे शक्य नव्हते. जिस्टची पट्टी संगणकात बसवली म्हणजे पडद्याचे काम ती आपल्याकडे घेई आणि मूळ आज्ञावलीला पत्ता न लागता तेथे देवनागरी उमटे.

ह्या व्यवस्थेच्या मागे 'इस्की' ही संकेतप्रणाली होती. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानक म्हणून मान्यता दिली. तिचे वैशिष्ट्य असे की, अक्षरे दिसतात त्या क्रमाने नव्हे, तर उच्चारली जातात त्या क्रमाने साठवावयाची. 'कि' ह्या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, परंतु ती साठवली जाते 'क'नंतर. 'धर्म' ह्या शब्दातील रफार 'म'च्या डोक्यावर दिसतो, परंतु साठवला जातो 'म'पूर्वी. दृश्य आकृती आणि भाषिक घटक ह्यांतील हा विवेक पुढील सर्व इतिहासाची किल्ली होय. १९९१ च्याच ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीपुरता इस्कीच्या १९८८ च्या रूपाचा आधार घेतला. म्हणून हा उच्चारक्रम तेथेही कायम राहिला.

२

'विंडोज' ही चित्रमय कार्यप्रणाली पसरली तेव्हा पडद्यावरील चौकटी संपल्या आणि पट्टीचे प्रयोजनही संपले. आता अक्षराची आकृती फॉन्टातून येऊ लागली. परंतु विंडोज ९५ आणि विंडोज ९८ ह्यांना देवनागरी लिपी अशी ठाऊकच नव्हती. त्यामुळे एक तोडगा निघाला : इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवावयाच्या. फायलीत इंग्रजी अक्षराचा संकेतांक राहावा, पडद्यावर मात्र त्या जागी मराठी आकृती दिसावी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', सी-डॅकचे फॉन्ट आणि इतर अनेकांचे फॉन्ट ह्यांच्या बळावर शहरातील अक्षरजुळणीचा व्यवसाय उभा राहिला. ग्रंथ, नियतकालिके, निमंत्रणपत्रिका आणि विद्यापीठीय प्रबंध असे बहुतेक मराठी लेखन ह्याच मार्गाने होऊ लागले. ह्या तोडग्याने मराठी प्रकाशनाला दिलेली गती नाकारता येणार नाही.

तथापि त्याची किंमत होती. टंकलेखन यंत्रावरून आलेल्या पद्धतीत अर्धा 'म' आणि काना मिळून पूर्ण 'म' होई. म्हणजे 'मा'मधील काना आणि 'म'चा दंड ह्यांत संगणकाच्या लेखी भेद उरत नसे. वेलांटी दिसते तेथेच साठवली जाई. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी. फॉन्ट हरवला की मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग शिल्लक राही. इस्कीमध्ये जतन केलेला भाषिक क्रम येथे सोडला गेला आणि मजकूर हा आकृतींचा केवळ ढीग बनला. त्यात शब्द शोधता येईना, याद्या अकारविल्हे लावता येईनात. कागदावर मात्र सर्व काही निर्दोष दिसे. म्हणून दोष फार काळ ध्यानात आला नाही.

३

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० ही प्रणाली बाजारात आली आणि तिसरा टप्पा सुरू झाला. तिच्या अंतरंगात युनिकोड होते. हिंदी, मराठी, कोकणी आणि संस्कृत ह्या भाषांची ओळख होती. आणि देवनागरी अक्षरे जुळवणारी यंत्रणा प्रणालीतच समाविष्ट होती. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी ह्या मराठी अक्षरशिल्पकाराने सिद्ध केलेला होता. लिपीचे ज्ञान आता पट्टीत नव्हते, फॉन्टाच्या क्लृप्तीतही नव्हते. ते खुद्द कार्यप्रणालीत आले. नूतनीकरणाचा प्रश्न हा लिपीचा प्रश्न झाला तो येथे.

अडचणी लगेच पुढे आल्या. पहिली अशी की, जुन्या आठ-बिटी संकेतव्यवस्थेत देवनागरीसाठी विंडोजने कोणतेही स्थान ठेवले नव्हते. त्यामुळे ज्या आज्ञावली युनिकोड जाणत नव्हत्या, त्यांना नव्या प्रणालीवरही मराठी येईना. पुस्तकांच्या मांडणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी 'पेजमेकर' ही अशीच आज्ञावली होती. २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर तिची वाढ थांबली. तिची जागा घेणाऱ्या 'इनडिझाइन'मध्ये भारतीय लिप्यांची जुळवणी उत्पादकाकडून रीतसर उपलब्ध झाली ती २०१२ मध्ये. मधली दहा-अकरा वर्षे कार्यप्रणाली मराठी जाणत होती, परंतु छापखान्याचे मुख्य साधन जाणत नव्हते.

दुसरी अडचण विंडोज एक्सपीची. २००१ च्या ऑक्टोबरात आलेल्या ह्या प्रणालीत देवनागरीची यंत्रणा असली, तरी ती मूळ तबकडी घालून वेगळी बसवावी लागे. तसे न केल्यास वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस पडे, पाय मोडलेली अक्षरे उघडी दिसत, जोडाक्षरे सुटत. नूतनीकरण केले आणि मराठी मोडली, असा समज ह्यातून होणे स्वाभाविक होते. २००७ मध्ये व्हिस्टा आल्यावर ही तरतूद आपोआप होऊ लागली. तिसरी अडचण कळफलकाची. प्रणालीबरोबर येणारा कळफलक 'इन्स्क्रिप्ट' होता. अक्षरजुळणी करणाऱ्यांची बोटे मात्र टंकलेखन यंत्राच्या किंवा आपापल्या फॉन्टाच्या मांडणीवर घडलेली होती. पृष्ठसंख्येवर मजुरी ठरणाऱ्या व्यवसायात वेग कमी होणे म्हणजे उत्पन्न कमी होणे होय.

४

ह्या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट मांडणे अगत्याचे आहे. कारण जुन्या प्रणालीला धरून राहणाऱ्यांना केवळ प्रतिगामी ठरवण्याची रीत पडली आहे. त्यांचा युक्तिवाद असा होता : विकत घेतलेली आज्ञावली चालते आहे, तिचे 'डोंगल', म्हणजे संगणकाच्या मागे लावावयाचे कुलूप, ज्या खोबणीत बसते ती खोबण नव्या यंत्रांत नाही, विंडोजच्या ६४-बिटी आवृत्त्यांवर डॉसकालीन आज्ञावली चालत नाहीत, आणि वीस वर्षांच्या फायली केवळ ह्याच यंत्रावर उघडतात. नूतनीकरण म्हणजे आपल्याच लेखनाला मुकणे. उलट पक्ष म्हणे की, आधारकाळ संपलेली प्रणाली वापरणे धोक्याचे आहे. विंडोज ९८ चा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. शिवाय जो मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नाही, तो लिहिला काय आणि न लिहिला काय, सारखाच.

दोन्ही पक्ष खरे बोलत होते. पहिल्याची दृष्टी मागील मजकुरावर होती, दुसऱ्याची पुढील मजकुरावर. ह्या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे रूपांतरक आज्ञावली. परंतु प्रत्येक फॉन्टास स्वतंत्र कोष्टक लागे. वेलांटी आणि रफार उचलून योग्य स्थानी न्यावे लागत. मजकूर एकदा साध्या फायलीत उतरवून फॉन्टाचे नाव गळाले, की कोणती अक्षरे खरोखरीची इंग्रजी आणि कोणती मराठीची सोंगे, हे यंत्राला सांगता येत नसे. अखेरीस प्रत्येक पान माणसाने तपासावयास हवे, आणि म्हणून जे महत्त्वाचे वाटले तेच रूपांतरित झाले.

तिसराही मार्ग होता. लिनक्स ह्या मुक्त प्रणालीसाठी रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले होते. खाजगी मांडणीच्या फॉन्टांवर ज्या शहराचा व्यवसाय उभा होता, त्याच शहरातून सार्वजनिक मांडणीचेही फॉन्ट निघाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. २००९ च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक अधिसूचित केले, तेव्हा तत्त्वाचा वाद संपला. व्यवहाराचा मात्र चालू राहिला.

५

युनिकोडयुक्त प्रणाली आली म्हणजे सर्व प्रश्न मिटले, असेही नव्हे. मराठीच्या दोन विशेषांचा येथे विचार करणे पुरेसे आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन; 'आचार्यास' दिलेली दक्षिणा वेगळी आणि 'आचाऱ्यास' दिलेली मजुरी वेगळी. हा अर्थभेदक फरक हिंदी लेखनात नाही. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीने मराठीतील हा अर्धा 'र' साधण्यासाठी 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रम सांगितला. पुढील आवृत्त्यांनी इस्कीला अनुसरून नुक्तायुक्त 'ऱ' आणि हलन्त हा क्रम मुख्य ठरवला आणि जुना केवळ सुसंगतीपुरता ठेवला. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, शोध घेताना मात्र ते दोन भिन्न शब्द ठरतात. एखाद्या आज्ञावलीने अदृश्य चिन्ह गाळले, तर दऱ्यांचा दर्या होतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा विशेष 'ॲ' ह्या स्वराचा. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात तो वर्णमालेत समाविष्ट आहे. तत्पूर्वी तो 'अ'वर अर्धचंद्र ठेवून लिहीत. नवा संकेतांक जुन्या प्रणालीवर रिकाम्या चौकोनाच्या रूपाने दिसे. शासनाने वर्णमालेत घेतलेले अक्षर शासनाच्याच जुन्या यंत्रांवर उमटू नये, असा प्रसंग त्यामुळे संभवनीय झाला. वर्णमालेचा निर्णय आणि कार्यप्रणालीचे नूतनीकरण ह्या आता परस्परांपासून स्वतंत्र गोष्टी राहिलेल्या नाहीत, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

६

ह्या विवेचनातून निष्पन्न होणारा निष्कर्ष असा. कार्यप्रणाली बदलल्याने मजकूर नष्ट झाला, हे म्हणणे अपुरे आहे. जो मजकूर भाषिक घटकांच्या सार्वजनिक संकेतांत साठवला होता, तो बदल सोसून टिकला. इस्कीतून युनिकोडात जाणे तुलनेने सोपे ठरले ते ह्याचमुळे. जो आकृतींच्या खाजगी मांडणीत साठवला होता, तो त्या मांडणीच्या आयुष्याशी बांधला गेला. नूतनीकरणाने हा दोष निर्माण केला नाही, उघडा केला.

ह्याचा भाषाभ्यासकांशी संबंध निकटचा आहे. १९९० ते २०१० ह्या वीस वर्षांतील मराठी गद्य, प्रबंध आणि नियतकालिके ही कोशकाराची आणि व्याकरणकाराची साधने होत. त्यांपैकी जी मूळ फायलींच्या रूपाने उरली आहेत, ती जुनी यंत्रे आणि त्यांवर काम केलेली माणसे उपलब्ध आहेत तोवरच सुलभपणे उतरवून घेता येतील. २०१४ मध्ये युनिकोडने मोडी लिपीलाही स्थान दिले. पेशवे दप्तरातील अक्षर संगणकावर लिहिण्याची सोय त्यामुळे झाली. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचण्याचे साधन हाती यावे आणि वीस वर्षांपूर्वीची फाईल वाचण्याचे साधन हातचे जावे, ही विसंगती दूर करण्यास तंत्राची उणीव नाही. उणीव आहे ती निवड करून, तपासून, उतरवून घेणाऱ्या संपादकीय श्रमांची.