सगळीच सांधेदुखी एक नव्हे

बुलडाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, सांधा कोणताही दुखला तरी त्याला ‘वात’ म्हणण्याचा प्रघात आहे. या एका शब्दाआड दोन भिन्न आजार दडलेले असतात. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे संधिवात. यात वय, वजन आणि वर्षानुवर्षांच्या भाराने सांध्यातील कूर्चा झिजते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. आयुर्वेदानेही ही गल्लत केलेली नाही. चरकसंहितेत संधिगत वाताचे, तर माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये चार हजारांवर प्रौढांची पाहणी झाली. तीत सुमारे ५.८ टक्के लोकांना संधिवात आढळला, आमवात जेमतेम अर्ध्या टक्क्याला. साहजिकच आमवाताचा रुग्ण या गर्दीत हरवतो आणि ‘वय झाले’ म्हणून परत पाठवला जातो. वास्तविक हा आजार अनेकदा तिशी ते पन्नाशीतच सुरू होतो आणि स्त्रियांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो.

खरी खूण वेदनेच्या वेळेत आहे. झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो, विसाव्याने शमतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटतो. आमवातात रात्रभराच्या विश्रांतीनंतरच हात जखडतात. कापूस वेचणीला निघालेल्या बाईची बोटे तास-दीड तास वळत नसतील, दोन्ही हातांची मनगटे व बोटांची मुळे सारखीच सुजत असतील आणि हे सहा आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर आमवाताची शंका घ्यावी. बोटांच्या टोकाकडील सांधे आमवात सहसा सोडतो. झीज मात्र तेथेच गाठी आणते.

‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. आमवाताच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णात तो निगेटिव्हच असतो, तर काही निरोगी वृद्धांत पॉझिटिव्ह. अँटी-सीसीपी चाचणी अधिक नेमकी. २००६ मध्ये राज्यात साथ आलेल्या चिकुनगुनियानंतरची सांधेदुखीही महिनोन्महिने आमवातासारखी भासते. म्हणून आधी येऊन गेलेल्या तापाची माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी.

आमवातात पहिल्या दोन वर्षांतच हाडे कुरतडली जाऊ लागतात, आणि वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. बिननावाच्या ‘वाताच्या पुड्यां’नी तात्पुरता आराम पडतो खरा, पण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. आमवातावरील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.