घनाची साक्ष

भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग जोडून इंग्रज अमदानीत, 1867 नंतरच्या काही वर्षांत, जो बालाघाट जिल्हा सिद्ध झाला, त्या मुलखात इमारतीचा जामीन चुना होता आणि चुन्याचा जामीन गवंडी. बैलाच्या घाण्यात विटांच्या सुरखीसह दळलेला चुना चिमटीत घेऊन गवंड्यांचा मुकादम जो निवाडा देई, त्यावर अपील नसे, आणि दप्तरात त्याची नोंदही नसे.

पुढे गोंदियाहून बालाघाटावरून जबलपूरपर्यंत छोटी रेल्वे आली. जबलपूरपलीकडच्या कटनीत, चुन्याच्या भट्ट्यांच्याच गावी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सिमेंटचा कारखाना निघाला. सिमेंट, वाळू, खडी ‘एकास दोन, चार’ या घमेल्यांच्या हिशेबाने काँक्रीट होऊ लागले. पाणी मात्र हिशेबाबाहेरच राहिले. सिमेंटच्या मानाने पाणी जितके अधिक तितके बळ कमी, हे अमेरिकेत, शिकागोला, डफ अब्राम्सने 1918 साली सप्रमाण दाखविले होते. पण पातळ माल सळयांतून सहज उतरतो, या मोहापुढे मक्तेदाराला शिकागो फार दूर.

काँक्रीटचे भारतीय मानक 456 प्रथम 1953 साली आले. पुढे घमेल्यांऐवजी ‘एम 150’ अशी बळाची भाषा रूढ झाली, आणि साक्षीला 15 सेंटिमीटरचा घन उभा राहिला: साच्यात तीन थर, हाताने ठासल्यास प्रत्येकी 35 ठोके, पाण्यात मुरवण, 28 व्या दिवशी यंत्राखाली चुरा. हा साक्षीदार खोटा पडला की घबराट उडते. वस्तुतः तो स्लॅबविषयी नव्हे, साच्यात भरलेल्या मालाविषयी बोलतो. कोपरे अर्धवट ठासलेले असले, किंवा वैशाखाच्या उकाड्यात ओल्या गोणपाटावाचून पहिली रात्र गेली, तर चांगला मालही नापास होतो. एका नमुन्यातील तीन घनांपैकी एखादा सरासरीपासून 15 टक्क्यांहून अधिक ढळला, तर तो नमुनाच बाद. शंका उरलीच तर बांधकामातून दंडगोल गाभे कापून काढावेत. त्यांची सरासरी अपेक्षित बळाच्या 85 टक्के भरली आणि एकही 75 च्या खाली गेला नाही, तर काँक्रीट ग्राह्य. ही सवलत मला न्याय्य वाटते. उलट, ज्या वहीत महिनोन्‌महिने सगळे घन सारख्याच आकड्याला फुटतात, ती मी आधी तपासायला घेईन.

अडचण काळाची आहे. 28 व्या दिवशी दाखला मिळेतो वरचा मजला चढलेला असतो, बिलही मंजूर झालेले असते. म्हणून सातव्या दिवशी काही घन फोडून अंदाज घेण्याची रूढी पडली.