'शिवकल्याण राजा': एका तबकडीची कथा

रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. त्यास तीनशे वर्षे भरली त्या १९७४ साली 'शिवकल्याण राजा' ही ध्वनिमुद्रिका निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गळा लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे.

या तबकडीत शिवकाळातील समर्थ रामदास आणि कवी भूषण आहेत, तसेच विसाव्या शतकातील सावरकर आणि कुसुमाग्रजही. भूषणाची भाषा तर मराठी नव्हे, ब्रज! तीन शतकांचे हे वेगवेगळे मणी एकाच सुरात ओवणे सोपे नव्हे.

पण खरी कसोटी निवडीची. सोहळ्याच्या तबकडीत नुसता जयजयकार भरता आला असता. येथे मात्र नेसरीला धारातीर्थी पडलेल्या प्रतापराव गुजरांवरील कुसुमाग्रजांची कविताही आहे. सेनापती आणि त्यांचे सहा सोबती पडले, ते फेब्रुवारी १६७४ मध्ये; राज्याभिषेकाला तेव्हा अवघे चार महिने उरले होते. सिंहासनाची पायरी अशा रक्तानेही भिजली होती, हे तबकडी विसरू देत नाही.

आमच्या सिंदी मेघेतली पोरे सनावळ्या विसरतील. पण ही चाल कानी पडली, की ते सात घोडेस्वार मात्र मनातून जायचे नाहीत.