विद्युत् रोध आणि शक्ती : एका भागाकाराचा व एका गुणाकाराचा इतिहास

विजेच्या शेगडीच्या दोन टोकांमधील दाब २३० व्होल्ट आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह ५ अँपिअर असेल, तर तिचा रोध ४६ ओहम व तिला लागणारी शक्ती १,१५० वॅट, हे उत्तर शाळेतील विद्यार्थीही क्षणात देतो. एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढेच त्यातील गणित. परंतु हे गणित इतके सुलभ का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर तितके सुलभ नाही. त्यातील काही भाग निसर्गाचा आहे, काही मानवी संकेताचा. या दोहोंमधील सीमारेषा स्पष्ट व्हावयास १८२५ पासून १८८९ पर्यंतचा काळ लागला.

या इतिहासाचा आरंभ एका चुकीने होतो. कोलोन येथील विद्यालयात गणित व भौतिकी शिकविणाऱ्या गेओर्ग सायमन ओहम याने १८२५ मध्ये तारेची लांबी आणि प्रवाहाचा परिणाम यांचा संबंध सांगणारे एक सूत्र प्रसिद्ध केले. ते लॉगॅरिथमवर आधारलेले होते आणि ते चुकीचे होते. दोष गणिताचा नव्हता. व्होल्टाच्या पद्धतीच्या घटातून प्रवाह वाहू लागला की त्या घटाचे बलच ढळू लागे. जे स्थिर मानावयाचे तेच अस्थिर होते. पोगेनडॉर्फ या संपादकाने घटाऐवजी तपयुग्म वापरण्याची सूचना केली. दोन धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक राखला असता प्रवाह निर्माण होतो, हे झेबेक याने थोड्याच वर्षांपूर्वी दाखवून दिले होते.

ओहमने बिस्मथ व तांबे यांचे युग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, की मूळ बल स्थिर राही. प्रवाहाच्या योगाने वळलेली चुंबकसूची पूर्वस्थानी आणण्यास तिच्या टांगणीला जो पीळ द्यावा लागे, तेच प्रवाहाचे माप. समान जाडीच्या, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने क्रमाने जोडल्या. २ इंचांच्या तारेस माप सुमारे ३२७ आले, तर १३० इंचांच्या तारेस सुमारे ४८. लांबी पासष्ट पट झाली, पण प्रवाह सातव्या हिश्शाच्या आसपासच राहिला. या विसंगतीतच नियम दडलेला होता. तारेच्या लांबीत सुमारे २० इंच मिळविले, तर सर्व आकडे एका साध्या भागाकारात बसत. हे २० इंच म्हणजे मंडलाच्या उरलेल्या भागाचा रोध होय. सांध्यांच्या तापमानातील फरक बदलला तर भाज्य बदले; भाजकातील ही संख्या मात्र तशीच राही. प्रेरक बल आणि रोध या दोन स्वतंत्र राशी आहेत, हे येथे प्रथमच प्रयोगाने पृथक् झाले.

१८२७ च्या ग्रंथात ओहमने या नियमाची गणिती मांडणी केली. मायदेशात तिच्यावर कठोर टीका झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ मध्ये त्याला कॉप्ली पदक दिले. तथापि ओहमच्या सिद्धांतातील ‘विद्युत्‌दर्शी बल’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरलाच होता. ते बल म्हणजे स्थिरविद्युत्‌शास्त्रातील वर्चस्च होय, हे किर्खोफने १८४९ मध्ये दाखविले. भागाकाराचा नियम आधी मिळाला आणि भाज्याचा अर्थ दोन तपांनंतर उमगला.

गुणाकाराची वाट निराळी होती. जेम्स जूल याने पाण्यात बुडविलेल्या तारांच्या वेटोळ्यांनी पाणी किती तापते हे मोजले आणि १८४१ च्या निबंधात असे दाखविले, की ठराविक काळात निर्माण होणारी उष्णता रोध आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ओहमच्या नियमाशी जोडले असता हेच प्रमाण दाब गुणिले प्रवाह असे होते. मात्र ते अद्याप प्रमाणच होते, समीकरण नव्हे.

ते समीकरण झाले तारायंत्राच्या गरजेतून. समुद्राखालील तारांच्या दुरुस्तीसाठी रोधाचे सर्वमान्य माप अत्यावश्यक झाले आणि १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली. १८८१ च्या पॅरिस परिषदेने ओहम व व्होल्ट ही एकके स्वीकारली, आणि एका ओहममधून एक व्होल्ट जो प्रवाह वाहवितो तो एक अँपिअर, असे ठरविले. म्हणजे भागाकाराचे उत्तर कोणत्याही गुणकाविना यावे, ही व्यवस्था व्याख्येतच करून ठेवली गेली. विल्यम सीमेन्स याने १८८२ मध्ये सुचविलेले वॅट हे एकक १८८९ च्या परिषदेत मान्य झाले, आणि गुणाकारही तसाच निर्भेळ झाला.

यावरून एक विवेक प्राप्त होतो. दाबाला प्रवाहाने भागले असता रोध मिळतो, ही व्याख्या आहे. ती कोठेही लावता येते. स्थिर तापमानात धातूच्या तारेसाठी हा भागाकार बदलत नाही, हा निसर्गनियम आहे. टंगस्टनच्या दिव्याची तार थंड असताना तिचा रोध अल्प असतो आणि ती तप्त झाल्यावर अनेक पटींनी वाढतो. व्याख्या तेथेही टिकते, नियमाची अट मात्र सुटते. सूत्र पाठ करणाऱ्याला हा भेद दिसत नाही. ओहमला तो अस्थिर घटामुळे पदरी पडलेल्या चुकीने शिकविला.