उतारवयातील छंद

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण दुसऱ्या कोणी ऐकवण्याआधी आपणच स्वतःला ऐकवतो. मंडळात नवी कला शिकवायची निघाली, की वडीलधाऱ्या भगिनी हटकून म्हणतात, “आता या वयात काय शिकायचे? सूनबाईंना पाठवते.” अशा भगिनींनी अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईंची हकीकत अवश्य वाचावी.

मेरी डिलेनी यांचा जन्म १७०० सालचा. घराणे मोठे, पण पैशाची ओढाताण. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचे लग्न साठीच्या घरातील एका धनिकाशी लावून दिले. आपल्या देवलांच्या ‘शारदा’ नाटकाची आठवण व्हावी असाच हा प्रकार; फरक इतकाच, की येथे लग्न मोडायला कोणी धावून आले नाही. पंचविशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पुढे १७४३ साली त्यांनी आपल्या पसंतीने पॅट्रिक डिलेनी या आयर्लंडमधील धर्मोपदेशकांशी विवाह केला. डब्लिनजवळच्या घरी बाग, भरतकाम, शिंपल्यांची नक्षी यांत पंचवीस वर्षे सुखाची गेली. १७६८ साली तेही वारले आणि बाई पुन्हा एकट्या पडल्या.

या वेळी त्यांची मैत्रीण, पोर्टलंडची डचेस, हिने त्यांना आपल्या बुल्स्ट्रोड येथील वाड्यात वरचेवर राहायला बोलावले. या डचेसला वनस्पतींचे विलक्षण वेड होते. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, डिलेनीबाईंना जिरेनियमच्या पाकळीसारख्याच रंगाचा एक कागद दिसला. त्यांनी सहज कात्री घेतली आणि त्याच्या पाकळ्या कापल्या. त्या पाहून डचेसला खऱ्याच पाकळ्या वाटल्या, असे सांगतात.

तेथून पुढे दहा वर्षे हा छंद चालला. खरे फूल समोर ठेवायचे, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापायचे आणि काळ्या कागदावर एकावर एक चिकटवायचे. एकेका फुलाला कधी शेकडो तुकडे लागत. मागे फुलाचे नाव, तारीख, ठिकाण आणि ते कोणी दिले याची नोंद असे. कीर्ती पसरली तशी राजेरजवाड्यांच्या बागांतूनही नमुने येऊ लागले; राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांनी क्यू येथील बागेतून फुले पाठवली. १७८२ साली दृष्टीने साथ सोडली तेव्हा हजाराच्या जवळपास फुले पुरी झाली होती. १७८८ साली त्या वारल्या. त्यांच्या बहिणीच्या वंशातील एका बाईंमार्फत हा संग्रह १८९७ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आला आणि आजही तेथे जपलेला आहे.

यात दैवी चमत्कार नाही. कात्री, सुई आणि रंगसंगती यांची ओळख त्या हातांना आयुष्यभर होतीच; नवे होते ते एवढेच, की तो हात आता दुसऱ्याच कामाकडे वळला. अमेरिकेतील ‘ग्रँडमा मोझेस’ यांचेही तसेच झाले. १८६० साली जन्मलेल्या या शेतकरी बाईंची दहा मुले. त्यांतली पाच तान्हेपणीच गेली. उतारवयात त्या लोकरीने चित्रे भरीत. संधिवाताने सुई धरवेना, तेव्हा त्यांनी कुंचला धरला. १९४० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. १९६१ साली, एकशे एकाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

डिलेनीबाईंच्या पाठीशी पैसा आणि नोकरचाकर होते, हे खरे. आपल्या घरी दुपारचा एक तास मोकळा काढणेही कठीण. परंतु त्यांना खरा आधार झाला तो एका मैत्रिणीचा, जिने दुःखाच्या काळात आपल्याकडे बोलावले आणि पहिली पाकळी पाहून कौतुक केले. असा आधार द्यायला वाडा लागत नाही. गोधडी शिवणारा, दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारा हात उद्या कागदावर का चालू नये? म्हणून पुढच्या खेपेस मंडळात वर्ग निघेल तेव्हा सूनबाईंना जरूर पाठवा. मात्र शेजारची एखादी एकटी पडलेली आजी सोबत घेऊन स्वतःही या.